मोजमापाचे व्रत : बर्नच्या खगोलशास्त्र संस्थेची शंभर वर्षे

स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बर्न रेल्वे स्थानकाच्या वरच्या अंगाला, ग्रोसे शान्त्से नावाची जुन्या तटबंदीची उंच जागा आहे. विद्यापीठाच्या गणित-विज्ञान विभागांची इमारत आज तिथे आहे. तिच्या आवारात जमिनीवर एक खूण बसवलेली आहे. स्विस भूमापनाचा हा जुना मूलबिंदू. पूर्वेकडे ६,००,००० मीटर आणि उत्तरेकडे २,००,००० मीटर असे मोठे आकडे या बिंदूला मुद्दाम देण्यात आले. त्यामुळे देशाच्या नकाशावर कुठेही ऋण आकडा येत नाही. शिवाय पूर्वेचा आकडा उत्तरेच्या आकड्याहून नेहमी मोठाच राहतो आणि दोहोंची गल्लत होत नाही. मोजणीदाराच्या हातून चूक होऊ नये म्हणून केलेली ही साधी, शहाणी तरतूद होती.

याच इमारतीत बर्न विद्यापीठाची खगोलशास्त्र संस्था काम करते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २०२२ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. तारे पाहणारी एक लहान विद्यापीठीय संस्था, आणि आज जगभरचे भूमापक, भूकंपशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ जिच्या आकड्यांवर विसंबतात अशी संस्था, या दोन टोकांमधला प्रवास या लेखात सांगायचा आहे. तो सांगताना एका माणसापाशी अधिक थांबावे लागते. त्यांचे नाव प्राध्यापक गेरहार्ड बॉयटलर. उपग्रहांच्या आधारे स्थाननिश्चिती करण्याच्या शास्त्रात त्यांनी जे उभे केले, ते त्यांच्या एकट्याच्या नावावर राहिले नाही. ते सगळ्यांचे झाले, आणि म्हणूनच टिकले.

वेधशाळेपासून संस्थेपर्यंत

मूलबिंदूच्या जागी पूर्वी वेधशाळा होती. प्राध्यापक योहान फ्रीड्रिख ट्रेक्सेल यांच्या पुढाकाराने १८२२ मध्ये ती उभी राहिली. ताऱ्यांच्या वेधांवरून तिचे अक्षांश-रेखांश ठरले आणि त्या आकड्यांवर देशाचा नकाशा बेतला गेला. पुढे रुडोल्फ वोल्फ यांनी येथे काम केले. सूर्यावरील डाग मोजण्याची जी पद्धत आजही वापरात आहे, तिची सुरुवात त्यांनी बर्नमध्ये असतानाच केली. १८५५ मध्ये ते झुरिकला गेले, पण रोज एकच गोष्ट, एकाच पद्धतीने आणि खंड न पडू देता मोजायची ही शिस्त या जागेला तेव्हापासूनची आहे.

विद्यापीठाची स्वतंत्र खगोलशास्त्र संस्था १९२२ मध्ये सिगमुंड माउडर्ली यांनी स्थापन केली. ग्रहांच्या व लघुग्रहांच्या कक्षांचे गणित हा त्यांचा प्रांत. दुर्बिणीपेक्षा कागद-पेन्सिलीवर अधिक चालणारे हे काम त्या काळी काहीसे जुन्या वळणाचे समजले जाऊ लागले होते. पुढे कृत्रिम उपग्रह आकाशात गेले तेव्हा मात्र याच विद्येची गरज पडली. कक्षेचे गणित घोटून घेण्याची परंपरा संस्थेत आधीपासून होती, हे पुढच्या साऱ्या यशाचे पहिले कारण.

त्सिमरवाल्डची उभारणी

१९४६ मध्ये माक्स श्यूरर संचालक झाले. शहर वाढत होते, दिव्यांचा उजेड वाढत होता आणि ग्रोसे शान्त्सेवरून आकाश पाहणे अवघड होत चालले होते. श्यूरर यांनी बर्नच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर, साडेनऊशे मीटर उंचीवर, त्सिमरवाल्ड गावाजवळ नवी वेधशाळा बांधायला घेतली. १९१५ मध्ये युरोपातील युद्धविरोधी समाजवाद्यांची परिषद, लेनिनसह, ज्या गावात भरली तेच हे गाव. १९५६ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला.

या वेधशाळेत दोन प्रकारचे काम शेजारी-शेजारी वाढले. पहिले पाउल विल्ड यांचे. कॅलिफोर्नियात फ्रिट्झ झ्विकी यांच्याबरोबर काम करून ते बर्नला परतले आणि रात्रीमागून रात्री आकाशाची छायाचित्रे घेत राहिले. अनेक सुपरनोव्हा, लघुग्रह आणि धूमकेतू त्यांना सापडले. त्यांनी शोधलेल्या लघुग्रहांपैकी एकाला माउडर्ली यांचे आणि दुसऱ्याला श्यूरर यांचे नाव आहे. जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी शोधलेल्या ‘विल्ड-२’ या धूमकेतूजवळून अमेरिकेचे ‘स्टारडस्ट’ यान २००४ मध्ये गेले, आणि त्या धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आली.

दुसरे काम उपग्रहांच्या वेधांचे. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाचे छायाचित्र घ्यायचे, त्याची दिशा काढायची आणि त्यावरून दूरदूरच्या ठिकाणांमधली अंतरे ठरवायची, अशी ही पद्धत होती. १९७० च्या दशकात लेसर आला. लेसरचा किरण उपग्रहावरील आरशांवर पाठवून तो परत यायला लागलेला वेळ मोजला की थेट अंतर मिळते. त्सिमरवाल्डने हे तंत्र लवकर आत्मसात केले आणि उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीचे मोजमाप करणारे केंद्र अशी त्याची ओळख होऊ लागली.

बॉयटलर यांची घडण

गेरहार्ड बॉयटलर यांचा जन्म १९४६ चा. खगोलशास्त्र, भौतिकी आणि गणित यांचे शिक्षण त्यांनी बर्न विद्यापीठातच घेतले आणि १९७० च्या दशकात उपग्रहांच्या वेधांवरून कक्षा व इतर राशी एकत्रितपणे कशा काढाव्यात या विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्यांची विचारपद्धती इथेच ठरली. वेध, उपग्रहाची गती, पृथ्वीचे फिरणे आणि जमिनीवरच्या केंद्रांची स्थाने हे सारे एकाच समीकरणसमूहाचे घटक आहेत. एक घटक पक्का समजून दुसरा शोधायला गेलो, तर पहिल्यातली चूक नकळत दुसऱ्यात शिरते. म्हणून सगळे एकदम सोडवायचे, ही त्यांची भूमिका होती.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची जीपीएस यंत्रणा बाल्यावस्थेत होती. आकाशात मोजकेच उपग्रह होते आणि दिवसातून काही तासच ते एकत्र दिसत. ही लष्करी यंत्रणा भूमापनाला कितपत उपयोगी पडेल, याबद्दल जाणकारांतही मतभेद होते. याच सुमारास बॉयटलर कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात गेले. पेत्र व्हानिचेक, डेव्हिड वेल्स, रिचर्ड लँगली अशी मंडळी तिथे होती. जीपीएसच्या वाहक लहरी वापरून सूक्ष्म स्थाननिश्चिती कशी करता येईल, याचा त्यांच्याबरोबर लिहिलेला विस्तृत अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉयटलर परतले ते पुढच्या तीस वर्षांचे काम हाती घेऊनच.

लहरींची मोजणी

हे काम नेमके काय होते, ते समजून घेतले पाहिजे. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ संदेश पाठवतो. संदेशातील वेळेच्या खुणांवरून अंतर काढले, तर काही मीटरपर्यंतची अचूकता मिळते. पण हा संदेश ज्या लहरीवर स्वार असतो, तिची लांबी अवघी १९ सेंटिमीटर आहे. लहरीच्या एका आवर्तनाचा शंभरावा हिस्सा यंत्राला ओळखता येतो, म्हणजे मोजमाप दोन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते.

अडचण अशी की यंत्राला आवर्तनाचा अपूर्ण तुकडा कळतो, पूर्ण आवर्तने किती झाली ते कळत नाही. सोळा आण्यांत विभागलेल्या शंकू साखळीने मोजणी करणाऱ्याला शेवटच्या साखळीचे आणे बिनचूक कळावेत, पण मागे किती पूर्ण साखळ्या पडल्या याची नोंदच नसावी, तसा हा प्रकार. ही हरवलेली पूर्णांक संख्या शोधून काढणे हा उपग्रह-भूगणितातला कळीचा प्रश्न. दोन रिसीव्हर आणि दोन उपग्रह यांच्या मोजमापांची एकमेकांतून वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका गळून पडतात आणि मागे राहिलेली संख्या पूर्णांक आहे की नाही, हे तपासता येते. तत्त्व साधे आहे. पण हवेतील बाष्प, वरच्या थरातील आयनांबर, कक्षेतील चूक हे सारे त्या वजाबाकीत लुडबुड करतात. त्या प्रत्येकाचा हिशोब मांडणे हे बर्नच्या मंडळींचे काम झाले.

पहिली मोठी कसोटी १९८४ मध्ये जिनिव्हाजवळ झाली. युरोपीय अणुसंशोधन संस्था ‘सर्न’ तेव्हा २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत बोगद्याची आखणी करत होती. बोगदा दोन्हीकडून खणत आणून अचूक जोडायचा तर जमिनीवरची मोजणी निर्दोष हवी. दोन रंगांच्या लेसरने अंतर मोजणाऱ्या अतिसूक्ष्म यंत्राने ती केलेली होती. त्याच बिंदूंवर जीपीएसचे रिसीव्हर ठेवण्यात आले आणि बर्नने त्या नोंदींचे गणित केले. दोन्ही मोजण्या काही मिलिमीटरच्या फरकाने जुळल्या. आकाशातून केलेली मोजणी जमिनीवरच्या उत्तमोत्तम मोजणीच्या तोडीस तोड ठरते, हे अशा प्रयोगांनी सिद्ध झाले.

याच काळात संस्थेत एक संगणक-प्रणाली आकार घेत होती. ‘बर्नीझ’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. फोरट्रान भाषेत लिहिलेली ही प्रणाली जीपीएसच्या कच्च्या नोंदी घेते आणि केंद्रांची स्थाने, उपग्रहांच्या कक्षा, घड्याळांच्या चुका, वातावरणाचा परिणाम हे सारे एकत्र सोडवते. बॉयटलर यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातली दृष्टी इथे यंत्राच्या रूपात उतरली. १९९६ मध्ये तिची चौथी, २००४ मध्ये पाचवी मुख्य आवृत्ती आली. रशिया, युरोप व चीनचे उपग्रहही हिशोबात आल्यावर २०१२ च्या आवृत्तीपासून नावातले ‘जीपीएस’ जाऊन सर्व उपग्रह-यंत्रणांना सामावणारे ‘जीएनएसएस’ आले. आज अनेक देशांची भूमापन खाती, विद्यापीठे आणि संशोधन संस्था ती वापरतात. तिच्या जाडजूड माहितीपुस्तिकेत प्रत्येक आज्ञेमागचे गणित मांडलेले असल्याने, उपग्रह-भूगणित शिकणारे विद्यार्थी ती पाठ्यपुस्तकासारखी वाचतात.

वेर्नर गुर्टनर आणि रायनेक्स

संस्थेच्या इतिहासात वेर्नर गुर्टनर यांचे स्थान वेगळे आहे. मे १९८९ मध्ये युरोपभर जीपीएसची एक मोठी मोहीम झाली. साठांहून अधिक रिसीव्हर होते, ते चार वेगवेगळ्या उत्पादकांचे होते आणि प्रत्येकाची नोंद ठेवण्याची रीत निराळी होती. या नोंदी एकत्र आणल्याशिवाय गणित होणार नव्हते. गुर्टनर यांनी त्यासाठी एक साधा, कोणत्याही यंत्राशी बांधील नसलेला नमुना तयार केला. साध्या अक्षरांत लिहिलेला, डोळ्यांनी वाचता येईल असा, वर माहिती आणि खाली आकडे. त्याचे नाव ‘रायनेक्स’. त्याच वर्षी हा नमुना आंतरराष्ट्रीय परिसंवादात स्वीकारला गेला.

आज जगातला जवळजवळ प्रत्येक उच्च दर्जाचा रिसीव्हर रायनेक्समध्ये नोंद देतो. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांच्या मोजमापांनाही त्यात जागा आहे. एका कंपनीचे यंत्र घेतले म्हणून जन्मभर त्याच कंपनीच्या प्रणालीला जखडून राहावे लागत नाही, याचे श्रेय या नमुन्याला आहे. गुर्टनर पुढे लेसर-वेधांच्या आंतरराष्ट्रीय सेवेचेही अध्यक्ष झाले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. रायनेक्सच्या नव्या आवृत्त्या आजही निघत आहेत.

एकवीस जून १९९२

पाउल विल्ड यांच्यानंतर १९९१ मध्ये बॉयटलर संस्थेचे संचालक झाले. त्याच सुमारास एक मोठा विचार जागतिक पातळीवर आकार घेत होता. सूक्ष्म मोजणीसाठी उपग्रहांच्या अचूक कक्षा लागतात. त्या काढायच्या तर जगभर पसरलेली केंद्रे लागतात. एकट्या देशाला हे परवडणारे नाही, आणि प्रत्येकाने आपापले वेगळे जाळे उभारणे म्हणजे श्रमाचा अपव्यय. आंतरराष्ट्रीय भूगणित संघटनेचे ओहायोचे इव्हान म्युलर आणि इतर धुरीणांनी १९८९ पासून सामायिक जाळ्याच्या दिशेने बोलणी चालवली होती. प्रयोग करून पाहण्यासाठी जी देखरेख समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद बॉयटलर यांच्याकडे आले.

२१ जून १९९२ रोजी प्रयोग सुरू झाला. जगभरच्या केंद्रांच्या नोंदी रोज गोळा होऊ लागल्या आणि निरनिराळ्या गणना-केंद्रांनी स्वतंत्रपणे रोजच्या कक्षा काढायला सुरुवात केली. बर्नचे केंद्र स्विस भूमापन कार्यालय आणि जर्मनीतील सहकारी संस्था यांच्यासह ‘कोड’ या नावाने पहिल्या दिवसापासून त्यात होते. आठवडाभरातच, २८ जूनला, कॅलिफोर्नियात लँडर्स येथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन किती व कुठे सरकली, हे शेकडो किलोमीटर दूरच्या केंद्रांच्या आधारे काही दिवसांत सांगता आले. अशा सेवेची गरज कोणाला वेगळी पटवून देण्याचे कारण उरले नाही.

प्रयोग सप्टेंबरपर्यंत चालायचा होता. पण मुदत संपल्यावरही कोणी थांबले नाही. नोव्हेंबरपासून त्याला प्रायोगिक सेवेचे रूप आले. मार्च १९९३ मध्ये सगळे बर्नला जमले, झालेल्या कामाची चिकित्सा झाली आणि १ जानेवारी १९९४ पासून आंतरराष्ट्रीय जीपीएस सेवा अधिकृतपणे सुरू झाली. तिच्या नियामक मंडळाचे पहिले अध्यक्ष बॉयटलरच होते. १९९८ अखेरपर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली.

या सेवेची रचना मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. सहभागी संस्था एकमेकींना पैसे देत नाहीत. प्रत्येक संस्था स्वतःच्या खर्चाने केंद्र चालवते किंवा गणना करते आणि फलित सर्वांसाठी खुले ठेवते. एकच कक्षा अनेक केंद्रे स्वतंत्रपणे काढतात, मग सर्वांची तुलना होऊन भारित सरासरी घेतली जाते. कोणाचे गणित घसरले तर ते त्याच आठवड्यात सर्वांना दिसते. ही एकत्र आणण्याची पद्धत घडवण्यात बॉयटलर आणि कॅनडाचे यान कूबा यांचा मोठा वाटा आहे. सुरुवातीला अर्ध्या मीटरच्या घरात असलेली कक्षांतली अनिश्चितता आज अडीच सेंटिमीटरच्या आसपास आली आहे.

सूर्यप्रकाशाचा दाब

ही प्रगती कशी झाली, याचे एक उदाहरण बर्नच्या कामातूनच देता येते. जीपीएस उपग्रहावर पृथ्वी, चंद्र व सूर्य यांचे गुरुत्व काम करते आणि ते चांगले ज्ञात आहे. पण उपग्रहाच्या मोठ्या सौरपट्ट्यांवर पडणारा सूर्यप्रकाशही त्याला ढकलतो. हा धक्का इतका बारीक की त्याचे त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गाच्या एक कोटीव्या भागाइतके. तरी तो हिशोबात धरला नाही, तर एका दिवसात उपग्रहाच्या जागेत शेकडो मीटरची चूक येते. उपग्रहाचा रंग, जुनाट झालेले पृष्ठभाग, पट्ट्यांचा कोन यांवर तो अवलंबून असल्याने केवळ सूत्रावरून तो पुरता सांगता येत नाही.

१९९४ मध्ये बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा मांडला. सूर्याकडे जाणारी दिशा, सौरपट्ट्यांच्या आसाची दिशा आणि या दोहोंना काटकोनात असलेली तिसरी दिशा, अशा तीन दिशा घ्यायच्या. प्रत्येक दिशेत एक स्थिर संख्या आणि कक्षेच्या एका फेरीत चढ-उतार करणाऱ्या दोन संख्या, अशा एकूण नऊ संख्या रोजच्या वेधांवरूनच काढायच्या. ही रीत आणि तिची सुधारित रूपे आज जगातील अनेक गणना-केंद्रे वापरतात.

बर्नशी उपग्रह-मोजणीचे आणखी एक नाते आहे. १९०५ मध्ये आइन्स्टाइन याच शहरातल्या पेटंट कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या सापेक्षतेच्या नियमांनुसार जीपीएस उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसाकाठी दहा किलोमीटरहून अधिक अंतराची चूक साचेल. बर्नच्या गणनेत ती दुरुस्ती रोज होते.

शिक्षक बॉयटलर

संशोधक म्हणून बॉयटलर यांचे काम मोठे आहेच. संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर शिक्षक म्हणून त्यांनी लावलेली घडी त्याहून मोलाची ठरली. त्यांच्या काळात झालेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांची यादी नुसती चाळली तरी ती घडी दिसते. मार्कुस रोथाखर यांनी उपग्रहांच्या कक्षांवर काम केले. लेओश मेर्व्हार्ट यांनी हरवलेल्या पूर्णांकांवर. एल्मार ब्रोकमान यांनी निरनिराळ्या दिवसांची व जाळ्यांची उत्तरे एकत्र कशी जुळवावीत यावर. श्टेफान शेर यांनी आयनांबरावर, आणि त्यातूनच १९९० च्या दशकात साऱ्या पृथ्वीचे आयनांबराचे नकाशे रोज प्रसिद्ध होऊ लागले. आद्रियान येगी यांनी पृथ्वीलगतच्या कमी उंचीवरील उपग्रहांच्या कक्षांवर.

यातला प्रत्येक विषय रोजच्या गणनेत जिथे काटा अडत होता, त्या जागेवरून आलेला होता. विद्यार्थ्याने तो सोडवला की उत्तर प्रबंधात पडून राहत नसे. ते ‘बर्नीझ’ प्रणालीत जाई आणि काही महिन्यांत जगभरचे लोक ते वापरू लागत. रोजची सेवा प्रश्न पुरवी, विद्यार्थी उत्तर शोधी, प्रणाली ते उत्तर सांभाळी आणि सेवा अधिक अचूक होई. हे चक्र बॉयटलर यांनी तीन दशके फिरते ठेवले. लहान विद्यापीठातली, मोजक्या माणसांची संस्था जगाच्या पहिल्या रांगेत कशी बसली, याचे उत्तर मला यात दिसते.

वर्गात ते शिकवत तो विषय खगोलीय यामिकीचा. त्या व्याख्यानांचे सार २००५ मध्ये ‘मेथड्स ऑफ सेलेस्टियल मेकॅनिक्स’ या दोन खंडांच्या ग्रंथात आले. पहिल्या खंडात सिद्धांत आहे. दुसऱ्यात उपयोग आहेत आणि त्याच्यासोबत संगणकावर चालवून पाहता येतील असे कार्यक्रम. त्यांच्या साहाय्याने विद्यार्थी ग्रहमालेची लाखो वर्षांची वाटचाल किंवा उपग्रहाची एका दिवसाची कक्षा स्वतः काढून पाहू शकतो. सूत्र पाठ करून भागत नाही, त्यातून आकडा काढता आला पाहिजे आणि तो आकडा वेधाशी ताडून पाहता आला पाहिजे, ही त्यांची शिकवणीची रीत त्या पुस्तकात पानोपानी जाणवते. देशोदेशीच्या अभ्यासकांसाठी ‘बर्नीझ’ प्रणालीचे वर्ग बर्नमध्ये भरत आले आहेत. अनेक देशांच्या भूमापन खात्यांतले अधिकारी तिथे शिकून गेले.

विद्यार्थी पुढे दूरवर पसरले. रोथाखर म्युनिक, पॉट्सडॅम आणि झुरिकला गेले, उर्स हुगेनटोब्लर म्युनिकला, मेर्व्हार्ट प्रागला. स्विस भूमापन कार्यालयात ब्रोकमान आणि शेर होते. २००३ ते २००७ या काळात बॉयटलर आंतरराष्ट्रीय भूगणित संघटनेचे अध्यक्ष होते. पृथ्वीचा आकार, तिचे फिरणे आणि तिचे गुरुत्व या तिन्हींचे वेध एकत्र बांधणारी जागतिक निरीक्षण यंत्रणा संघटनेने याच पर्वात उभी केली. सारे एकदम सोडवण्याचा जो आग्रह तरुणपणी प्रबंधात दिसला होता, तोच आता संघटनेच्या पातळीवर दिसत होता.

संचालकपदानंतर

२०११ मध्ये बॉयटलर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर त्यांच्याच परंपरेत घडलेले आद्रियान येगी संचालक झाले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत बॉयटलर यांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकडे मोर्चा वळवला होता. २००२ मध्ये अवकाशात गेलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह सुमारे सव्वादोनशे किलोमीटर अंतर राखून एकामागोमाग फिरत. त्यांच्यामधले अंतर मायक्रोमीटरपर्यंत मोजले जाई. खाली पाणी किंवा बर्फ कमी-जास्त झाले की गुरुत्व किंचित बदले आणि ते अंतरही बदले. त्यावरून हिमनद्यांचे वितळणे आणि भूजलाची घट मोजता आली. उत्तर-पश्चिम भारतातील भूजल किती वेगाने खालावते आहे, हेही याच उपग्रहांनी दाखवले. या मोजमापांसाठी बर्नने स्वतःची गणितपद्धती विकसित केली. निरनिराळ्या देशांच्या गुरुत्व-उत्तरांची जुळणी करून एकत्रित फलित काढण्याचे काम आता बर्नमध्येच होते. कक्षांसाठी १९९० च्या दशकात घडवलेली सहकाराची रीत तिथेही उपयोगी पडली आहे.

त्सिमरवाल्डही बदलले. १९९७ मध्ये तिथे एक मीटर व्यासाची नवी दुर्बीण बसली. ती लेसरने अंतर मोजते आणि कॅमेऱ्याने अवकाशातील कचऱ्याचाही माग काढते. टोमास शिल्डक्नेश्ट यांच्या नेतृत्वाखाली या दुसऱ्या कामात संस्थेने मोठे नाव मिळवले. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडची नवी भूमापन-चौकट उपग्रहांच्या आधारे आखली गेली, तेव्हा देशाचा मूलबिंदू ग्रोसे शान्त्सेवरून त्सिमरवाल्डला गेला. जुन्या आणि नव्या मोजणीत देशाच्या दोन टोकांकडे दीड मीटरपर्यंत फरक निघाला. तो दुरुस्त झाला आणि त्या दुरुस्तीमागचे गणित ‘बर्नीझ’ प्रणालीने केले होते.

आपल्याशी असलेले नाते

बर्न महाराष्ट्रापासून दूर आहे, पण या कामाचा धागा आपल्या बांधापर्यंत येतो. बंगळुरू आणि हैदराबाद येथील केंद्रांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय सेवेत जमा होतात, आणि भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, हे अशाच नोंदींवरून रोज पडताळता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या, उपग्रहांच्या नोंदी अखंड घेणाऱ्या ‘कॉर्स’ केंद्रांचे जाळे आता महाराष्ट्रात आहे. ज्या शेतात भूकरमापक शंकू साखळी आणि फलकयंत्र घेऊन जाई, तिथे तो आता रोव्हर, म्हणजे हाती नेता येणारा उपग्रह-रिसीव्हर, घेऊन उभा राहतो. त्या रोव्हरला आधार देणाऱ्या केंद्रांची स्थाने ज्या जागतिक चौकटीत बसवलेली आहेत, ती चौकट आंतरराष्ट्रीय सेवेच्या जाळ्यावर उभी आहे. गटाची हद्द सेंटिमीटरपर्यंत सांगता येते, त्यामागे १९९२ पासून अखंड चाललेले हे काम आहे.

या संस्थेकडून आपण घ्यावे असे पुष्कळ आहे. नोंद रोज ठेवावी आणि खंड पडू देऊ नये. ती कोणालाही वाचता येईल अशा नमुन्यात असावी. विद्यार्थ्यांचे प्रबंध प्रत्यक्ष कामातल्या अडचणींवर असावेत आणि त्यांचे फलित सामायिक साधनात जमा व्हावे. आपल्या उत्तराची दुसऱ्यांच्या उत्तराशी उघड तुलना होऊ द्यावी, कारण चूक लवकर सापडते ती अशा तुलनेतच. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भूमापन शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती आपल्या कॉर्स केंद्रांच्या नोंदी अभ्यासासाठी सहज पडाव्यात. त्यांनी आपल्या हाताने कक्षा काढावी, पूर्णांक शोधावेत आणि आपले उत्तर बर्नच्या उत्तराशी ताडून पाहावे. त्यासाठी लागणारी प्रणाली, पुस्तके आणि खुली फलिते बॉयटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार करून ठेवली आहेत. संस्थेच्या दुसऱ्या शतकात ती वापरणारे हात आपल्याकडचेही असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.